क्ष-किरणांना दिसणारे चुंबकत्व : सिंक्रोट्रॉन प्रकीर्णनाचा आढावा

घन पदार्थांतील अणूंची मांडणी शोधण्यासाठी क्ष-किरणांचा उपयोग १९१२ साली माक्स फोन लाउए यांच्या प्रयोगाने आणि त्यापाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांच्या कामाने सुरू झाला, आणि विसाव्या शतकातील रसायनशास्त्र, खनिजशास्त्र व जीवशास्त्र यांचा फार मोठा भाग या एका साधनावर उभा राहिला. परंतु ज्यांना आज प्रगत इलेक्ट्रॉनी किंवा चुंबकीय पदार्थ म्हटले जाते, त्यांच्या बाबतीत कोणता अणू कोठे बसला आहे एवढे कळून भागत नाही. तांब्याच्या काही ऑक्साइडांतील अतिसंवाहकता, मँगॅनीजच्या ऑक्साइडांत चुंबकीय क्षेत्र लावताच विद्युत्‌रोधात होणारी प्रचंड घट, अथवा नियमानुसार संवाहक असायला हव्या अशा इरिडियमच्या ऑक्साइडाचे निरोधकपण, या सर्वांच्या मुळाशी अणूच्या बाहेरील कवचांतल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांची परस्परांशी असलेली व्यवस्था असते. ही व्यवस्था तीन प्रकारची असू शकते : इलेक्ट्रॉनांचा विद्युत्‌भार स्फटिकात ठरावीक अंतराने कमीजास्त होतो, त्यांचे स्पिन, म्हणजे अंगभूत चुंबकीय परिबल, ठरावीक क्रमाने दिशा बदलते, किंवा ते ज्या कक्षकांत, म्हणजे अणुकेंद्राभोवतीच्या ज्या विशिष्ट आकाराच्या प्रदेशांत असतात, त्यांची दिशा एका अणूपासून दुसऱ्या अणूपर्यंत आलटूनपालटून फिरते.

क्ष-किरण मात्र अणूतील सर्वच इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि विखुरण्याच्या या क्रियेत, म्हणजे प्रकीर्णनात, आतल्या कवचांतील बहुसंख्य इलेक्ट्रॉनांचा वाटा इतका मोठा असतो की बाहेरच्या दोन-चार इलेक्ट्रॉनांची व्यवस्था त्यात बुडून जाते. तिला वर कसे काढायचे हा या क्षेत्राचा पहिला प्रश्न होता आणि सिंक्रोट्रॉनने तो बऱ्याच अंशी सोडवला. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही : मोजमापात एखादे नवे शिखर दिसले, तर ते विद्युत्‌भाराच्या व्यवस्थेचे आहे, स्पिनच्या की कक्षकांच्या, की अणूंच्या सूक्ष्म विस्थापनाचे, हे कशावरून ठरवावे? या क्षेत्रातील गेल्या चाळीस वर्षांची वाटचाल या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पाहिली असता अधिक नीट समजते, कारण ज्या युक्तीमुळे दुबळा संकेत बलवान होतो, तीच युक्ती त्या संकेताचा अर्थ संदिग्ध करते.

सिंक्रोट्रॉन या साधनाची ओळख थोडक्यात पुरेशी आहे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट चुंबकीय क्षेत्राने वळवली की ते आपल्या मार्गाच्या स्पर्शरेषेत प्रखर प्रारण बाहेर टाकतात. अमेरिकेत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९४७ साली हा प्रकाश प्रथम डोळ्यांनी पाहिला गेला आणि बरीच वर्षे कणवेगवर्धकातील ऊर्जेची नासाडी म्हणूनच त्याकडे पाहिले गेले. पुढे खास या प्रारणासाठी वर्तुळाकार यंत्रे बांधण्यात आली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन, अमेरिकेतील आर्गॉन येथील अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स आणि जपानमधील स्प्रिंग-८ ही त्यांतील मोठी नावे होत. यांत चुंबकांच्या उलटसुलट ध्रुवांच्या लांब रांगेतून, म्हणजे अंड्युलेटरमधून, इलेक्ट्रॉन नागमोडी वाटेने नेले जातात आणि त्यातून अत्यंत अरुंद व दीप्त झोत निघतो. या झोताची ऊर्जा हवी तशी बदलता येते आणि त्याचे ध्रुवण, म्हणजे विद्युत्‌क्षेत्राच्या कंपनाची दिशा, निश्चित असते. पुढील सर्व विवेचनात दीप्तीइतकेच महत्त्व या दोन गुणांना आहे.

क्ष-किरण चुंबकत्वाला अगदीच अंध असतात असे नाही. विद्युत्‌चुंबकीय तरंग इलेक्ट्रॉनाच्या भाराशी जशी आंतरक्रिया करतो तशी त्याच्या स्पिनशीही करतो, परंतु ही दुसरी क्रिया फोटॉनची ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनाची स्थिर-वस्तुमान ऊर्जा यांच्या गुणोत्तराने क्षीण होते. दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणासाठी हे गुणोत्तर सुमारे एकपन्नासांश आहे. तीव्रता त्याच्या वर्गाने घटते आणि शिवाय अणूतील थोडेच इलेक्ट्रॉन चुंबकीय असतात, म्हणून चुंबकीय प्रकीर्णन भाराच्या प्रकीर्णनाच्या सुमारे दशलक्षांश उरते. असे असूनही फ्रान्समधील द बेर्जव्हँ आणि ब्रुनेल यांनी १९७२ साली प्रयोगशाळेतील साध्या क्ष-किरण नळीच्या साहाय्याने निकेल ऑक्साइडातील प्रतिलोहचुंबकीय मांडणीचे, म्हणजे शेजारच्या परिबलांच्या दिशा एकमेकींविरुद्ध असलेल्या मांडणीचे, शिखर मोजून दाखवले. या प्रयोगामागील चिकाटीला इतिहासात जेवढे श्रेय मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. सिंक्रोट्रॉन हाती नसताना ही शक्यता प्रत्यक्षात आणून दाखवणारे हेच दोघे होते.

सिंक्रोट्रॉनवरील पहिला भरघोस निष्कर्ष १९८५ साली डून गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्मियम या विरल मृत्तिका धातूवर मिळवला. होल्मियममध्ये सुमारे १३२ केल्विनच्या खाली प्रत्येक अणुस्तरातील परिबले एका दिशेने उभी राहतात, पण एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाताना ती दिशा थोडी थोडी वळत जाते आणि परिबलांची मळसूत्री रचना तयार होते. न्यूट्रॉन प्रकीर्णनाने ही रचना आधीच ज्ञात होती. क्ष-किरणांच्या अधिक बारीक विभेदनामुळे असे दिसले की तापमानाबरोबर मळसूत्राच्या आवर्तनाचा पल्ला सरळ बदलत नाही, तर काही ठिकाणी तो स्फटिक-जालकाच्या सोप्या गुणोत्तराशी जखडून राहतो. परिबले जोडीजोडीने जालकाच्या सोयीच्या दिशांना चिकटतात आणि अधूनमधून एखाद्या स्तराची जोडी सुटते, अशी त्याची उपपत्ती देण्यात आली.

तीन वर्षांनी, १९८८ साली, त्याच धातूवर अनुस्पंदनाची युक्ती यशस्वी झाली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन वर उचलण्यासाठी ठरावीक ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेवर क्ष-किरणांचे शोषण एकाएकी वाढते; या ठिकाणाला शोषण-कडा म्हणतात. झोताची ऊर्जा नेमकी या कडेवर आणली असता आतला इलेक्ट्रॉन क्षणभर बाहेरच्या रिकाम्या कक्षकात जातो आणि परत खाली येताना तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन सोडतो. तो क्षणभर ज्या कक्षकात राहिला, त्याच्यावर स्पिनची दिशा, शेजारचा भार आणि कक्षकाचा आकार यांची छाप असल्यामुळे बाहेर पडणाऱ्या फोटॉनवरही ती उमटते. होल्मियमच्या सुमारे ८,०७१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कडेवर चुंबकीय शिखराची तीव्रता जवळपास पन्नास पटींनी वाढली, आणि हॅनन, ट्रॅमेल, ब्लूम व गिब्ज यांनी त्याच वर्षी त्याचे गणित मांडले. पाठोपाठ युरेनियम आर्सेनाइडमध्ये युरेनियमच्या कडेवर ही वाढ लाखो पटींची असल्याचे आढळले. ऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी असल्याने मिश्र पदार्थातील नेमक्या कोणत्या अणूचे चुंबकत्व मोजले जात आहे हेही आता सांगता येऊ लागले, जे न्यूट्रॉनने सहज साधत नाही. शिवाय न्यूट्रॉनला बरेच मोठे स्फटिक लागतात, तर येथे धूलिकणाएवढा नमुना किंवा काही नॅनोमीटर जाडीचा थरही पुरतो.

मात्र अनुस्पंदी प्रकीर्णनाचे स्वरूप साध्या विवर्तनापेक्षा मुळातच वेगळे आहे. साध्या विवर्तनात अणू हा जणू दिशाहीन गोळा मानला जातो आणि स्फटिकाच्या सममितीनुसार काही शिखरे पूर्णपणे लुप्त होतात. शोषण-कडेवर अणूचा प्रतिसाद दिशेनुसार बदलतो. त्यामुळे शेजारच्या अणूंची रचना थोडीशी जरी असममित असली, तरी जी शिखरे सममितीने निषिद्ध ठरली होती ती चुंबकत्वाचा लवलेश नसतानाही प्रकट होतात. टेम्पल्टन दांपत्य आणि दिमित्रियेन्को यांनी हे १९८०च्या दशकातच दाखवून दिले होते. निषिद्ध जागी शिखर दिसले एवढ्यावरून कोणतीही नवी व्यवस्था सिद्ध होत नाही, हा त्यातून निघणारा नियम या क्षेत्राला पुन्हा पुन्हा, आणि काही वेळा महागात पडून, आठवावा लागला आहे.

लँथॅनम मँगॅनाइटाचे प्रकरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्याजोगे आहे. या पदार्थात मँगॅनीजच्या एका बाह्य इलेक्ट्रॉनाचे कक्षक एका अणूवर एका दिशेला आणि शेजारच्या अणूवर तिला लंब दिशेला लांबट असतात, असे सिद्धांत पूर्वीपासून सांगत होता. मुराकामी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रथम त्याच्याशी संबंधित एका स्तरित मँगॅनाइटात आणि मग लँथॅनम मँगॅनाइटातच मँगॅनीजच्या सुमारे ६,५५० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कडेवर निषिद्ध शिखर मोजले, स्फटिक अक्षाभोवती फिरवताना तीव्रतेत होणारे चढउतार तपासले आणि कक्षकांची व्यवस्था प्रत्यक्ष पाहिल्याचे जाहीर केले. या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली, कारण इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा आकार प्रत्यक्ष मोजता येण्याची ती आशा होती. आक्षेप असा निघाला की या कडेवर सर्वांत आतला इलेक्ट्रॉन मँगॅनीजच्या ४पी कक्षकात जातो, तर व्यवस्था आहे ती ३डी कक्षकांची. ४पी कक्षक इतके पसरट असतात की त्यांना ३डी इलेक्ट्रॉनांच्या विद्युत्‌प्रतिकर्षणापेक्षा शेजारच्या ऑक्सिजन अणूंची सरक अधिक जाणवते, आणि कक्षकांची मांडणी व ऑक्सिजनची सरक नेहमी बरोबरच येतात. इशिहारा व माएकावा यांनी पहिल्या, म्हणजे विद्युत्‌प्रतिकर्षणाच्या, कारणाची बाजू मांडली. एल्फिमोव्ह, अनिसिमोव्ह व सावात्स्की यांनी आणि स्वतंत्रपणे बेनफात्तो, जोली व नातोली यांनी १९९९ साली गणनेने दाखवले की मोजलेली तीव्रता जवळजवळ सगळी अणूंच्या विस्थापनातून निघते. आज हाच दुसरा पक्ष सामान्यतः मान्य आहे. पहिला प्रयोग चुकीचा नव्हता. त्याने मोजलेली वस्तू जाहीर केलेल्या वस्तूची सावली होती.

या वादातूनच मऊ क्ष-किरणांकडे, म्हणजे सुमारे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालच्या ऊर्जेकडे, लक्ष वळले. मँगॅनीजच्या सुमारे ६४० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कडेवर इलेक्ट्रॉन थेट ३डी कक्षकात जातो, त्यामुळे मधला दुवा गळून पडतो. अडचण अशी की या किरणांची तरंगलांबी जवळजवळ १९ अँगस्ट्रॉम असल्याने फक्त मोठ्या अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या रचनाच विवर्तनात सापडतात. सुदैवाने स्तरित मँगॅनाइटातील कक्षक-व्यवस्था तशी आहे. २००३ सालापासून झालेल्या या मोजमापांत ऑक्सिजनच्या सरकीचा आणि इलेक्ट्रॉनांच्या थेट आंतरक्रियेचा वाटा वर्णपटाच्या वेगवेगळ्या भागांत ओळखता आला.

तांब्याच्या ऑक्साइडांच्या, म्हणजे क्युप्रेटांच्या, बाबतीत मऊ क्ष-किरणांचे काम याहूनही मोलाचे ठरले. १९९५ साली जॉन ट्रॅन्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने असे सुचवले होते की या कुळातील काही पदार्थांत भार आणि स्पिन पट्ट्यापट्ट्यांनी गोळा होतात. पण न्यूट्रॉनला भार दिसत नाही, त्याला दिसते ती अणुकेंद्रांची सरक. २००५ साली पीटर अबामाँटे आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन व तांबे यांच्या कडांवर बेरियम मिसळलेल्या लँथॅनम क्युप्रेटातील शिखर मोजले आणि पट्ट्यांत खरोखर भारवाहकांची संख्याच कमीजास्त होते हे दाखवले. तरीही ही गोष्ट एका कुळापुरती अपवादात्मक मानली जात होती. २०१२ साली घिरिंगेल्ली आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या ९३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कडेवर, आणि चँग व सहकाऱ्यांनी त्याच्या शंभरपट ऊर्जेच्या कठीण क्ष-किरणांनी, इट्रियम-बेरियम क्युप्रेटातही भार-घनतेची लहर शोधून काढली. तिची लांबी जालकाच्या सुमारे ३.२ पट आहे. तापमान उतरत जाते तशी तिची तीव्रता वाढते, अतिसंवाहकता सुरू होताच ती घटते, आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून अतिसंवाहकता दाबली की पुन्हा वर येते. दोन व्यवस्था एकाच इलेक्ट्रॉनांसाठी झगडतात याचा इतका निःसंदिग्ध पुरावा अन्य कोणत्याही साधनाने त्याआधी मिळाला नव्हता. दोन परस्परभिन्न ऊर्जांवर, एका अनुस्पंदी आणि दुसऱ्या निव्वळ विवर्तनाच्या पद्धतीने, एकच लहर सापडल्यामुळे तिच्या अस्तित्वाबद्दल वाद फारसा झाला नाही.

इरिडियमच्या संयुगांत क्ष-किरणांना जवळजवळ प्रतिस्पर्धी नाही, कारण इरिडियम न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. स्ट्राँशियम इरिडेट हा पदार्थ निरोधक का असतो, याचे उत्तर स्पिन आणि कक्षीय गती यांच्या तीव्र जोडणीत आहे : या जोडणीमुळे तीन कक्षक ठरावीक कलांतर ठेवून एकत्र येतात आणि त्यांच्या मिश्रणातून एक अरुंद ऊर्जापट्टा तयार होतो. बी. जे. किम आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्प्रिंग-८ येथे इरिडियमच्या दोन शेजारच्या कडांवर चुंबकीय शिखर मोजले, तेव्हा एका कडेवर ते प्रखर आणि दुसरीवर जवळजवळ शून्य आढळले. कलांतर ठेवणाऱ्या मिश्रणात व्यतिकरणाने असेच व्हायला हवे होते. प्रकीर्णनाने पुंज-अवस्थेची कला मोजणारा हा प्रयोग विलक्षण देखणा आहे. पण पुढे, २०१४ सालापर्यंत, हे स्पष्ट झाले की परिबले स्तराच्या प्रतलात आडवी असतील, तर मिश्रण आदर्श नसले तरी दुसऱ्या कडेवरचे शिखर नाहीसेच होते. मूळ चित्र त्यामुळे खोटे ठरले नाही. त्याला आधार मात्र वेगळ्या मोजमापातून शोधावा लागला.

ते मोजमाप म्हणजे अनुस्पंदी अस्थितिस्थापक प्रकीर्णन. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या फोटॉनच्या ऊर्जेतला फरक नेमका मोजला, तर पदार्थात कोणते कंपन वा उत्तेजन मागे राहिले ते कळते. विभेदन फार कमी असल्यामुळे ही पद्धत दीर्घ काळ दुर्लक्षित राहिली. स्वित्झर्लंडमधील स्विस लाइट सोर्सवर नवा वर्णपटमापक बसल्यावर २०१० साली ब्राइकोविच आणि सहकाऱ्यांनी क्युप्रेटांत स्पिनच्या लाटा, म्हणजे मॅग्नॉन, मऊ क्ष-किरणांनी मोजल्या. त्याच ठिकाणी २०१२ साली श्लाप्पा आणि सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम क्युप्रेटाच्या एकमितीय साखळीत इलेक्ट्रॉनाचे स्पिन आणि त्याचे कक्षीय उत्तेजन वेगवेगळ्या वेगांनी दूर जाताना दाखवले. त्याच वर्षी आर्गॉन येथे स्ट्राँशियम इरिडेटातील मॅग्नॉनची ऊर्जा सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचते आणि तिचा आलेख क्युप्रेटांच्या आलेखाशी मिळताजुळता आहे असे आढळले. ल ताकाँ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलेली गोष्ट त्यापेक्षाही विचार करायला लावणारी आहे : भारवाहक मिसळून प्रतिलोहचुंबकीय व्यवस्था मोडलेल्या अतिसंवाहक क्युप्रेटांतही स्पिनची उत्तेजने जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेची राहतात.

पातळ थरांचे क्षेत्र यापेक्षा वेगळ्या वाटेने वाढले. २००४ साली फाँग आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन येथे लेड टायटॅनेटाचे थर झोताखालीच वाढवत असताना दाखवले की केवळ तीन एकक-कोष्ठिकांच्या, म्हणजे १.२ नॅनोमीटर जाडीच्या थरातही फेरोविद्युत्‌ व्यवस्था टिकते. आणखी एक वाट सुसंगत झोताची : झोत सुसंगत असेल, म्हणजे त्यातील तरंगांची कला सर्वत्र जुळलेली असेल, तर विवर्तनाच्या शिखरात ठिपक्यांची नक्षी उमटते आणि ती काळाबरोबर बदलते. श्पिर्को आणि सहकाऱ्यांनी २००७ साली क्रोमियममध्ये ही नक्षी मोजून प्रतिलोहचुंबकीय क्षेत्रांच्या सीमा सुमारे ४० केल्विनच्या खालीही हलत राहतात असे दाखवले; उष्णता जवळजवळ संपल्यावर उरणारी ही हालचाल पुंज-बोगद्यातून होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१७ साली डॉनेली आणि सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम-कोबाल्टच्या स्तंभाच्या आतील चुंबकनाची दिशा तिन्ही मितींत नकाशाबद्ध केली. ग्रेनोबलच्या यंत्राची पुनर्बांधणी होऊन २०२० साली ते नव्याने सुरू झाले, तेव्हा झोताची दीप्ती व सुसंगती सुमारे शंभरपटींनी वाढली, आणि या प्रकारची मोजमापे दुर्मीळ राहिली नाहीत.

भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, १७२.५ मीटर परिघाचे इंडस-२ ही यंत्रे आहेत. इंडस-२ वरील अनेक बीमलाइन, म्हणजे झोत प्रयोगापर्यंत नेणाऱ्या मार्गिका, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारल्या आहेत. शोषण-वर्णपट आणि विवर्तन यांचे येथील काम भक्कम आहे. भारतीय गट हॅम्बुर्गचे पेट्रा-३ आणि जपानमधील त्सुकुबाचे फोटॉन फॅक्टरी यांचाही वापर करतात. अस्थितिस्थापक प्रकीर्णनासारख्या, फोटॉनांच्या दृष्टीने अत्यंत खर्चिक प्रयोगांसाठी मात्र देशात अधिक दीप्त यंत्राची गरज आहे, आणि ती लवकर भागावी असे या विषयाची स्थिती पाहता म्हटले पाहिजे.

अलीकडची दोन प्रकरणे शिखराचा अर्थ कसा ठरवावा या दुसऱ्या प्रश्नाची धार अजून बोथट झालेली नाही हे दाखवतात. रुथेनियम डायऑक्साइडात दुबळे प्रतिलोहचुंबकत्व असल्याचे २०१७ साली न्यूट्रॉनने आणि २०१९ साली रुथेनियमच्या कडेवरील अनुस्पंदी क्ष-किरणांनी सांगितले. नंतर मांडल्या गेलेल्या, अल्टरमॅग्नेट या नव्या चुंबकीय वर्गाच्या कल्पनेसाठी हा पदार्थ आदर्श उदाहरण बनला आणि त्यावर शोधनिबंधांचा पूर लोटला. २०२४ साली म्युऑन या कणांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापांत चुंबकीय परिबल आढळलेच नाही. न्यूट्रॉनमधील शिखर बहुविध प्रकीर्णनाचे, म्हणजे स्फटिकात एकाहून अधिक वेळा वळलेल्या झोताचे, होते असे दिसले. क्ष-किरणांच्या शिखराबद्दल टेम्पल्टन यांनी सांगितलेली दिशाधीन प्रतिसादाची जुनीच शंका आधीपासून घेतली जात होती.

निकेलेटांची कथा नमुन्याच्या अंगाने जाते. २०१९ साली निकेलच्या अनंत-स्तरी ऑक्साइडाच्या पातळ थरांत अतिसंवाहकता सापडली, आणि २०२२ साली तीन गटांनी त्यांत जालकाच्या तिप्पट लांबीची भार-लहर पाहिल्याचे सांगितले. क्युप्रेटांशी साम्य इतके हवेहवेसे होते की त्यावर लगेच विश्वास बसला. २०२४ साली पार्झिक आणि सहकाऱ्यांनी हे थर अधिक काळजीपूर्वक बनवून पाहिले, तेव्हा ती लहर दिसेना. रासायनिक क्षपण अपुरे राहिल्यास स्तरांमध्ये शिल्लक राहणारा ऑक्सिजन स्वतःच दर तीन कोष्ठिकांनी ओळीत बसतो आणि नेमके तेच शिखर देतो, असे त्यांनी दाखवले. यामुळे आता नमुन्याची रासायनिक तपासणी, ध्रुवणाचे पूर्ण विश्लेषण, स्फटिक अक्षाभोवती फिरवून घेतलेली तीव्रतेची नोंद, आणि शक्य असेल तेथे कडेपासून दूरच्या ऊर्जेवर त्याच शिखराचा शोध, हे सर्व एकत्र करूनच नव्या व्यवस्थेचा दावा स्वीकारण्याकडे अनुभवी गटांचा कल आहे. कडेपासून दूर गेल्यावर टिकणारे शिखर अणूंच्या सरकीकडे किंवा परक्या घटकाकडे बोट दाखवते, तर केवळ कडेवर उगवणारे शिखर बाह्य इलेक्ट्रॉनांकडे किंवा कडेवरच्या दिशाधीन प्रतिसादाकडे. ही शेवटची कसोटी बहुतेक यंत्रांवर थोड्याशा जादा वेळात घेता येते.